डोंगर चढणारी आगगाडी

कोल्हापूरच्या वायव्येस असलेला वाडी रत्नागिरीचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंच आहे. चैत्री पौर्णिमेस सासनकाठ्या घेऊन जोतिबाच्या दर्शनास येणारे भाविक हा डोंगर पायी किंवा मोटारीने चढतात. १८९१ साली मिरजेहून आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच थांबला. मग आगगाडी डोंगर चढूच शकत नाही काय? आपल्याच राज्यातील नेरळ-माथेरान मार्गाने या प्रश्नाचे उत्तर १९०७ सालीच दिले आहे.

अरुंद लोहमार्ग या भागास नवा नव्हता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर व लातूरला पोहोचली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत आली. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे होते. माथेरानचा मार्ग त्याहूनही अरुंद, म्हणजे दोन फुटांचा आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यसाहाय्याने त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेतले आणि तीन वर्षांत ते पूर्ण केले.

नेरळ ते माथेरान हे अंतर सुमारे २० किलोमीटर असून तेवढ्यात गाडी सुमारे ७६० मीटर चढते. सर्वांत अवघड ठिकाणी वीस मीटर पुढे जाताना एक मीटर चढावे लागते. सरळ चढ अशक्य असल्याने मार्ग डोंगरास वळसे घालीत जातो. रूळ जितके जवळ, तितके वळण आखूड घेता येते व खोदकामही कमी लागते. वाफेच्या इंजिनांची पुढची व मागची चाके वळणावर किंचित वळतील अशी त्यांची रचना होती. चढावर वाफ भराभर खर्च होई. वाटेतील ‘वॉटर पाइप’ हे स्थानक त्या काळच्या पाण्याच्या गरजेची आठवण देते. उतरताना मात्र खरी कसोटी ब्रेकची असे. पुढे डिझेल इंजिने आली आणि वाफेच्या इंजिनांचा नित्य वापर थांबला.

ही गाडी केवळ प्रवाशांच्या करमणुकीची नव्हे. खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. त्यामुळे वृद्धांस व सामानासह येणाऱ्यांस अमन लॉज ते माथेरान ही फेरी मोठा आधार आहे.

या मार्गाचा खरा शत्रू चढ नसून पाणी आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला व गाडी २००७ साली पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा हानी झाली. नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांत बांधलेला मार्ग पुन्हा चालू होण्यास तीन वर्षे लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

डोंगरातील कोणत्याही वाटेस हाच नियम लागू पडतो. पाण्यास वाट दिली नाही, तर पाणी आपली वाट स्वतः करून घेते. जोतिबाच्या डोंगरावर आगगाडी नाही, पण घाटरस्ता आहे, पायऱ्या आहेत, वस्ती आहे. चैत्र यात्रा आटोपली की पावसाळ्यास थोडेच आठवडे उरतात. त्या अवधीत गटारे व मोऱ्या मोकळ्या करणे, उतारावरील झाडोरा राखणे आणि सुटे दगड हटवणे ही कामे ग्रामपंचायतीच्या सभेत वेळीच ठरावीत. शिक्षकांनीही मुलांना पहिल्या पावसात डोंगरावरचे पाणी कोठून कसे वाहते ते दाखवावे. तोच या धड्याचा प्रत्यक्ष पाठ होय.