गळतीचा हिशेब

इंग्लंडच्या खेड्यात घर घेणारी मराठी माणसं आता तशी दुर्मीळ राहिलेली नाहीत. कुणी छोट्या गावच्या सर्जरीत जीपी म्हणून रुजू होतं, कुणी घरून काम सुरू झाल्यावर लंडनच्या भाड्याला कंटाळून बाहेर पडतं. घर बघताना छप्पर, ओल, सेप्टिक टँक सगळं तपासून होतं. इंटरनेटचं मात्र एजंट ‘आहे की’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. आमच्या दरीत ते होतं, पण तांब्याच्या तारेवरून. रस्त्यावरची हिरवी पेटी काही मैल दूर, आणि पाऊस लागला की वेग 2 एमबीवर. सांगलीला आईशी व्हिडिओवर बोलायचं तर घरातल्या बाकीच्यांनी आपापले फोन बाजूला ठेवायचे. तिच्याकडे केव्हाच फायबर आलेलं होतं, त्यामुळे ‘तुमच्याकडेच अडकतंय’ हे ऐकून घ्यावं लागे.

अशा घरांसाठी ब्रिटनमध्ये मार्च 2020 पासून एक कायदेशीर हक्क आहे: किमान 10 एमबी वेगाची जोडणी मागायचा. खर्च 3,400 पौंडांपर्यंत असेल तर ती करून द्यावी लागते. त्यावरचा खर्च मात्र ज्याने मागितली त्याच्या खिशातून. दरीच्या टोकाला राहणाऱ्या एकट्या घराचं कोटेशन आलं की माणूस आकडा पुन्हा पुन्हा वाचतो. म्हणून शहाणी गावं एकत्र येतात आणि सरकारी गिगाबिट व्हाउचरच्या वाटेने जातात. आम्हीही तेच केलं. फायबर आलं, पण मधल्या काळात जे बघितलं ते या वाटेला लागणाऱ्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे व्हाउचर तुमच्या हातात पडत नाही. प्रत्येक पात्र घरामागे सरकार ठरावीक रकमेपर्यंत खर्च उचलतं, आणि तो पैसा थेट कंपनीला जातो, तोही तुमची जोडणी चालू झाल्यावर. 2019 मध्ये ग्रामीण घरासाठी ही रक्कम 1,500 पौंड होती आणि छोट्या धंद्यासाठी 3,500. जानेवारी 2023 पासून दोघांनाही 4,500 झाली. सगळ्या घरांची व्हाउचर एकत्र करून गावाच्या कामाचा खर्च भागवायचा, अशी ही रचना. कागदावर छान दिसते. पण भिशीसारखंच आहे, चार जण सटकले की भार उरलेल्यांवर.

हिशेब करून बघा. 40 घरांची वस्ती आहे, कामाचा खर्च 72,000 पौंड, जुन्या दराने व्हाउचर 1,500 चं. सगळे आले तर 60,000 जमतात, तूट 12,000, म्हणजे घरटी 300 पौंड. इतके कुणीही देईल. आता आठ घरं गळाली असं धरा. व्हाउचर 48,000 ची झाली, तूट दुप्पट होऊन 24,000, आणि ती 32 घरांत वाटायची, म्हणजे 750 पौंड. पाचातलं एक घर गेलं आणि वाटा अडीचपट झाला. तो आकडा ऐकून आणखी चार घरं मागे सरतात, मग वाटा आणखी चढतो. आमच्याकडे सभागृहात हात वर करणारे भरपूर होते. हात वर करणं आणि सरकारी ईमेलला उत्तर देणं यांत किती लोक गळतात, हे नंतर कळलं.

कारण कंपनीने नावं पाठवली की प्रत्येक घराला सरकारकडून ईमेल येतो: हे व्हाउचर तुम्हीच मागितलंय का, खात्री करा. मुदतीत खात्री केली नाही तर ते घर यादीतून गेलं. जोडणी झाल्यावर, ती खरंच चालू आहे का म्हणून पुन्हा विचारणा. आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना बँकेने बजावलेलं, ‘सरकार पैसे देतंय’ असा ईमेल आला की उघडायचा नाही. त्यांनी तो इमानेइतबारे पुसून टाकला, आणि कुणी विचारलं तर अभिमानाने सांगत होत्या. चूक त्यांची अजिबात नाही. ईमेल येण्याआधी घरोघरी चिठ्ठी टाका: अमुक आठवड्यात, अमुक खात्याकडून, असा मजकूर येईल, तो खरा आहे. ज्येष्ठांच्या घरी ईमेल आल्यावर स्वतः जाऊन शेजारी बसा. सुट्टीतलं घर म्हणून दरीत कॉटेज घेऊन ठेवलेल्यांचा माग आधीच काढा. ते सहसा गावच्या कुठल्याही यादीत नसतात.

पत्त्याचा घोळ वेगळाच. सरकारी यादीत प्रत्येक मालमत्तेला एक ओळख क्रमांक असतो आणि व्हाउचर त्या क्रमांकावर चालतं. जुन्या गोठ्याचं घर केलेलं, शेतावरच्या दुग्धशाळेत आता मुलगा-सून राहतात, पण स्वतंत्र पत्ता कधी नोंदवलाच नाही, अशी घरं प्रत्येक दरीत निघतात. पोस्टमन त्यांना ओळखतो, संगणक नाही. नोंदणी कौन्सिलकडे करावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. शेतकऱ्याने धंद्याच्या नावाने व्हाउचर घेतलं तर त्याने इतर सरकारी मदत किती घेतली हेही जाहीर करावं लागतं, आणि व्हॅटचा प्रश्न वेगळा उभा राहतो. त्याच्या हिशेबनिसाला आधी विचारायला सांगा.

आता कंपन्या. आमच्या पहिल्या कंपनीचं नाव घेत नाही. 2020 च्या अखेरीस त्यांचा तरतरीत प्रतिनिधी झूमवर आला, नकाशा दाखवला, सह्या घेतल्या. मार्च 2021 अखेर जुनी ग्रामीण व्हाउचर योजना संपली आणि एप्रिलमध्ये नव्या ‘प्रोजेक्ट गिगाबिट’खाली नवी व्हाउचर योजना आली. आमचा प्रस्ताव जुन्या मुदतीत बसला नव्हता. नव्याने मांडेपर्यंत आमच्या भागासाठी सरकारने फायबर टाकायचं मोठं कंत्राट काढायची तयारी सुरू केली, आणि कंत्राटाची बोलणी चालू असताना त्या भागात नवी व्हाउचर थांबवली जातात. कंपनीचे ईमेल आधी उशिरा येऊ लागले, मग बंद. आमची दरी अखेर त्या कंत्राटाच्या नकाशाबाहेर राहिली, तेव्हा कुठे व्हाउचरचं दार पुन्हा उघडलं आणि दुसऱ्या कंपनीशी बोलणी झाली.

म्हणून कुणाचीही सही घेण्याआधी दोन ठिकाणी विचारा. कौंटी कौन्सिलच्या ब्रॉडबँड अधिकाऱ्याला विचारा, आमचा भाग कंत्राटात येतोय का, आणि कौन्सिल व्हाउचरवर स्वतःची भर घालते का. काही कौन्सिलं घालत आली आहेत, पण आपणहून कुणी सांगायला येत नाही. आणि कंपनीला लेखी विचारा: घरं गळाली तर तूट कोण भरणार? खांब आणि जमिनीखालचे डक्ट कुणाचे वापरणार, आणि डक्ट तुंबलेला निघाला तर तो मोकळा करायचा खर्च कोटेशनमध्ये आहे का? काही करारांत गावातर्फे सही करणाऱ्यावर तुटीची जबाबदारी येते. अशी सही कुणी उत्साही गृहस्थाने वैयक्तिक नावाने करू नये. पॅरिश कौन्सिल असेल तर ती, नाहीतर मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी काढा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जमिनीने. केबल शेतातून न्यायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, तिला इथे वेलीव्ह म्हणतात. शेतकरी नाही म्हणतो तेव्हा सहसा त्याला पैसे नको असतात, त्याला शेताखालच्या निचऱ्याच्या नळांची काळजी असते. आजोबांनी पुरलेले मातीचे नळ कुठून जातात हे नकाशावर नाही, त्याच्या डोक्यात आहे. आमच्या इथला एक जण कंपनीच्या सर्व्हेयरला फाटकातून आत घेईना. गावातल्याच एकाने त्याच्यासोबत बांधाबांधाने फिरून नळांच्या जागी बांबूच्या काठ्या रोवल्या, फोटो काढले, आणि चर त्या काठ्यांना वळसा घालून जाईल असं लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी सही झाली. वसंतात मेंढ्या वितात तेव्हा हा विषय काढूच नका, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुंपणाच्या झाडीला हात लावता येत नाही, हेही वेळापत्रकात धरा.

लँकेशरमध्ये ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची समुदाय संस्था 2011 पासून उभी आहे. तिथे शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून फुकट वाट दिली आणि गावकऱ्यांनी स्वतः चर खणले. व्हाउचर त्यांनीही पुढे वापरली. पण त्यांच्याकडे वेलीव्हचं भांडण मिटलेलं असतं, कारण ज्याची जमीन त्याच्याच घरी फायबर येणार आणि बहुधा संस्थेत त्याचा शेअरही असणार. असा गट जवळपास असेल तर बाहेरच्या कंपनीआधी त्यांचं दार ठोठवा. चर खणायची तयारी मात्र ठेवा.

जोडणी आल्यावर दोन गोष्टी. फायबरवरचा फोन वीज गेली की बंद पडतो. ज्यांच्या गळ्यात मदतीची घंटा आहे अशा वृद्धांच्या घरी बॅटरी बसवून घ्या आणि घंटेच्या कंपनीला आधी कळवा. जानेवारी 2027 पर्यंत जुन्या तांब्यावरची फोनसेवा देशभर बंद व्हायची आहे, त्यामुळे हे आज ना उद्या करावंच लागणार. आणि जुना नंबर हवा असेल तर जुनी लाइन स्वतः फोन करून तोडू नका. नव्या कंपनीला नंबर आणायला सांगा, जुनी लाइन त्यानंतर आपोआप बंद होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ईमेल पुसला तसाच हा फोनही तत्परतेने केला होता.