टाळूचं भोक कापसानं बुजवू नका

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडकडचे एक शेतकरी काका माझ्या दातांच्या दवाखान्यात आले, तोंडाला उपरणं लावूनच. २०२१ मध्ये कोरोनापाठोपाठ त्यांना काळी बुरशी झाली आणि वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला. जीव वाचला, पण टाळूला भोक राहिलं. वरण नाकातून यायचं, बोलणं गेंगाणं झालेलं. लग्नाकार्यात पंगतीला बसणं त्यांनी सोडलं होतं. आत पाहिलं तर भोकात कुजलेला कापसाचा बोळा! म्हणाले, "हळूहळू भरून येईल म्हणून थांबलो."

हाच गैरसमज मी पुन्हा पुन्हा ऐकतो. जखम भरते, भोक भरत नाही. गेलेलं हाड परत उगवत नाही. वाट पाहण्यात वर्षं घालवू नका. आणि कापूस? तो सडतो, जंतू वाढवतो, झोपेत घसरून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

घाबरू नका, यावर चांगला उपाय आहे. लहान भोक कधीकधी शस्त्रक्रियेनं बंद होतं. मोठ्यासाठी ऑब्ट्युरेटर, म्हणजे भोक झाकणारी टाळूची कवळी बसवतात. काकांना ती बसवली आणि पाण्याचा पेला दिला. सवयीनं त्यांनी नाकाखाली हात धरला. हात कोरडाच राहिला.

बाजारात बसून दात बसवणाऱ्यांकडून बूच मात्र करून घेऊ नका, किंवा व्हिडिओ पाहून घरी दातांची पावडर कालवून ते बनवूही नका. ती पावडर घट्ट होताना तापते, भोकात अडकून बसते. मग काढताना हाल होतात.

कवळी रोज काढून मऊ ब्रशनं धुवा. गरम पाणी नको, ती वाकडी होते. सैल वाटली, टोचू लागली, तर स्वतः घासू नका, आमच्याकडे या.

भोक पडण्याआधीच आजार पकडायचा, तर खुणा ओळखा: टाळूवर काळा डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, वरचे दात अचानक हलणं, गाल बधिर होणं, डोळ्याखाली सूज, एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर हे विशेष पाळा.

असं भोक कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही राहू शकतं. घरात कुणाची वरच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधीच दंतवैद्याकडे माप द्या. तात्पुरती कवळी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवता येते. रेडिएशननंतर तोंड कमी उघडू शकतं, मग माप घेणं अवघड होतं. परभणीत सोय झाली नाही, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. पण जा, थांबू नका.