सांचीचा वार्षिकोत्सव आणि धम्मश्रवणाची लोकपरंपरा

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथून ईशान्येस सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर, रायसेन जिल्ह्यात, सांचीची टेकडी आहे. दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या अखेरच्या रविवारी या टेकडीवरील चेतियगिरी विहाराचा वार्षिकोत्सव भरतो. विहाराच्या तळघरात कुलुपबंद असलेला एक लहानसा करंडक या वेळी जिल्हा प्रशासनाच्या उपस्थितीत बाहेर काढला जातो, भिक्खू तो मस्तकी धारण करतात आणि त्याची मिरवणूक महास्तूपाकडे जाते. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम, जपान या देशांतून आलेले उपासक आणि विदिशा, रायसेन, भोपाळ या भागांतील ग्रामस्थ एकाच रांगेत उभे राहून दर्शन घेतात. करंडकात भगवान बुद्धांचे दोन अग्रशिष्य, सारिपुत्त आणि महामोग्गल्लान, यांच्या अस्थी आहेत. दर्शनास जातीची, धर्माची वा देशाची अट नाही.

हे सर्वांसाठी खुले असणे अलीकडच्या काळातील सोय नव्हे. बौद्ध संघात लोकांसाठी सभा भरविण्याची प्रथा कशी सुरू झाली याची हकीकत विनयपिटकात आली आहे आणि ती मोठी उद्बोधक आहे. अन्य पंथांचे परिव्राजक पंधरवड्यातील ठराविक तिथींना एकत्र जमून उपदेश करतात व लोक तो ऐकावयास जातात, हे मगधाचा राजा बिंबिसार याने पाहिले व भिक्खूंनीही तसे करावे अशी विनंती त्याने बुद्धांना केली. त्याप्रमाणे भिक्खू जमू लागले. परंतु ते नुसते मौन धरून बसत. लोक दुरून येत आणि रिकाम्या हाताने परतत. हे श्रमण मुक्या डुकरांसारखे बसून राहतात, असे लोक उघडपणे बोलू लागले. ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली, तेव्हा अशा सभेत धम्म सांगावा अशी अनुज्ञा त्यांनी दिली. अष्टमी, चतुर्दशी व पंचदशी या तिथींच्या उपोसथाचे मूळ असे आहे.

वर्षावासाचा नियमही लोकांच्या तक्रारीतूनच झाला. पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले की कोवळे गवत तुडविले जाते आणि बारीक जीव मरतात. पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, मग यांनाच स्वस्थता का नाही, असे लोक म्हणू लागले. शेतीवर जगणाऱ्या समाजाचा हा आक्षेप रास्त होता. त्यानंतर पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम झाला. भिक्खू गावाजवळ राहिले, त्यामुळे गावाला सलग तीन महिने श्रवणाची संधी मिळाली. अर्थात लोकांची सोय हाच या दोन्ही प्रथांचा पाया आहे.

ज्यांच्या अस्थींसाठी सांचीला हा समुदाय जमतो ते सारिपुत्त आणि मोग्गल्लान दोघेही मगधातील राजगृहाच्या परिसरातले, बालपणापासूनचे मित्र होते. प्रथम ते संजय नावाच्या परिव्राजकाचे शिष्य होते. अस्सजी या भिक्खूकडून धम्माचे सार ऐकून ते बुद्धांकडे आले. सारिपुत्त प्रज्ञेत तर मोग्गल्लान ऋद्धीत अग्रगण्य मानले गेले. शिक्षकवर्गाने ध्यानात घ्यावी अशी एक उपमा बुद्धांनी या दोघांना दिली आहे. सारिपुत्त जन्म देणाऱ्या मातेसारखा आणि मोग्गल्लान बालकाचे संगोपन करणाऱ्या दाईसारखा. एक विद्यार्थ्याला मार्गावर आणतो, दुसरा त्याला पुढे वाढवितो. दोघांचेही निर्वाण बुद्धांच्या हयातीतच झाले आणि त्यानंतर भरलेल्या सभेकडे पाहून ती आपणास रिकामी भासते असे बुद्धांनी म्हटल्याचे सुत्तपिटकात नमूद आहे.

बुद्ध स्वतः सांचीला आल्याचा उल्लेख कोठेही नाही. या स्थळाचे महत्त्व सम्राट अशोकापासून, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून सुरू होते. त्याची पत्नी देवी ही जवळच्या विदिशेची. त्यांचा पुत्र महिंद श्रीलंकेस जाण्यापूर्वी मातेच्या भेटीस आला व चेतियगिरीवरील विहारात राहिला, असे श्रीलंकेचा महावंस हा ग्रंथ सांगतो. ही चेतियगिरी म्हणजे सांची असे विद्वान मानतात. श्रीलंकेतील उपासकांना सांचीबद्दल जो विशेष जिव्हाळा आहे तो यामुळे.

अशोकाने उभारलेला विटांचा स्तूप पुढे शुंगकाळात दगडी आवरण घालून वाढविण्यात आला. आज त्याचा व्यास छत्तीस मीटरांहून अधिक व उंची सोळा मीटरांहून अधिक आहे. चार दिशांची कोरीव तोरणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील असून, दक्षिण तोरणावरील लेखात राजा सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. तेव्हा महाराष्ट्रातील वाचकाला हे तोरण परके वाटण्याचे कारण नाही. याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनीही आपले काम नोंदविले आहे. कठड्यांवर आणि फरसबंदीवर असे शेकडो लेख आहेत. त्यांत राजेरजवाड्यांची नावे फार थोडी. व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्खू आणि भिक्खुणी यांची पुष्कळ. कोणी एक फरशी दिली, कोणी कठड्याचा एक आडवा दगड. गावोगावच्या लोकांनी वर्गणीने उभारलेले हे बांधकाम आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अस्थींचा प्रवास

मध्ययुगात हे स्थान ओस पडले. सन १८१८ मध्ये जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, त्यानंतर मात्र हौशी उत्खननांनी स्तूपांची बरीच नासधूस झाली. सन १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम व कॅप्टन मेसी यांनी तिसऱ्या क्रमांकाचा स्तूप मध्यभागी खणला. आत एका मोठ्या शिळेखाली दोन दगडी पेट्या होत्या आणि त्यांच्या झाकणांवर ब्राह्मी लिपीत सारिपुत्त व महामोग्गल्लान यांची नावे कोरलेली होती. सारिपुत्तांच्या पेटीत चंदनाचे दोन तुकडे आणि एक छोटा करंडक निघाला. करंडकात अस्थीचा एक लहानसा तुकडा व निरनिराळ्या जातींचे सात मणी होते. झाकणाच्या आतील बाजूस शाईने ‘सा’ हे एकच अक्षर लिहिलेले होते. दुसऱ्या करंडकात ‘म’. सुमारे दोन हजार वर्षे अंधारात राहिलेली ही शाईची अक्षरे पाहून उत्खनन करणारे थक्क झाले असल्यास नवल नाही. सांचीजवळच्या सातधारा येथील एका स्तूपातही याच दोन शिष्यांच्या अस्थी सापडल्या.

या उत्खननांतील अस्थी इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दीर्घकाळ पुराणवस्तू म्हणून पडून राहिल्या. उपासकाच्या दृष्टीने ज्या गोष्टीपुढे नतमस्तक व्हावयाचे, ती काचेच्या कपाटात क्रमांक लावून ठेवलेली असावी, ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती. महाबोधी सोसायटीने त्यांच्या परतीची मागणी लावून धरली. संग्रहालय प्रथम केवळ अस्थी देण्यास राजी झाले. मूळ करंडक स्वतःकडे ठेवून त्यांच्या प्रतिकृती द्याव्यात असा त्याचा विचार होता. पुढे मूळ करंडकही परत मिळाले. महायुद्धामुळे हे काम लांबले. सन १९४७ मध्ये अस्थी कोलंबोस पोहोचल्या आणि जानेवारी १९४९ मध्ये कलकत्त्यास आल्या. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्या सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या स्वाधीन केल्या. राजकारणात ज्यांची मते एकमेकांपासून फार दूर होती असे हे दोन नेते त्या दिवशी एका व्यासपीठावर होते, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

दिनांक ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या विहारात अस्थींची प्रतिष्ठापना झाली. पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू या सोहळ्यास उपस्थित होते. वार्षिकोत्सव नोव्हेंबरअखेर होतो तो याच दिवसाच्या स्मरणार्थ. भोपाळच्या मुस्लिम राज्यकर्त्यांचा या स्थळाच्या जतनातील वाटाही विसरता येणार नाही. सन १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी पडझड झालेले स्तूप पुन्हा उभे केले, त्या कामास व तेथील संग्रहालयास नवाब सुलतान जहान बेगम यांचे द्रव्यसाहाय्य लाभले होते. सन १९८९ मध्ये युनेस्कोने सांचीचा जागतिक वारशात समावेश केला.

उत्सवाच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी जत्रेचे स्वरूप येते. दुकाने लागतात, रांगा लांबतात, आणि पुष्कळसे लोक दर्शन घेऊन, महास्तूपास प्रदक्षिणा घालून परत फिरतात. दर्शनाला महत्त्व आहेच. परंतु ज्या दोघांनी आयुष्यभर धम्म समजावून सांगण्याचे काम केले त्यांच्या उत्सवात चार शब्द ऐकल्याशिवाय परतणे म्हणजे अर्धीच यात्रा. मगधातील लोकांनी जी तक्रार भिक्खूंविरुद्ध केली होती ती आज उलट दिशेने करता येईल. सांगणारे सांगतात, थांबणारे थोडे असतात.

नागपूर आणि भोपाळ

दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली, त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. कचेऱ्यांबरोबर नागपूरचे अनेक मराठी कर्मचारीही भोपाळला आले. दीक्षाभूमी आणि सांची यांच्यामधील अंतर त्यामुळे नकाशावर दिसते त्याहून बरेच कमी आहे. बाबासाहेबांचे जन्मगाव महू हेही याच राज्यातले.

दीक्षेनंतर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत धम्मश्रवणाची एक स्वतंत्र रीत रुजली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात वा समाजमंदिरात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला; गावोगाव वाचला जातो तो त्याचा मराठी अनुवाद. त्रिशरण व पंचशील म्हणून झाल्यावर कोणी शिक्षक, कोणी महाविद्यालयात शिकणारी मुलगी एक प्रकरण वाचते, बाकीचे ऐकतात, मध्येच थांबवून अर्थ विचारतात. गावात भिक्खू असलाच पाहिजे असे नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनी वर्षानुवर्षे ऐकून ग्रंथातील प्रसंग क्रमाने सांगावेत, असेही अनेक गावांत आढळते. धम्म हा प्रश्न विचारून, पारखून घ्यावयाचा आहे, हे या वाचनात जसे अनुभवास येते तसे मोठ्या सोहळ्यात क्वचितच येत असेल.

दहा दिवसांची शिबिरे

याहून वेगळा मार्ग विपश्यना शिबिरांचा. ही साधना भारतात पुन्हा रुजविणारे श्री. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म सन १९२४ मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे, एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. अर्धशिशीच्या असह्य दुखण्यावर उपाय शोधीत ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे कोणी संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते व आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही त्यांनी साधना शिकविली होती. सन १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि जुलै महिन्यात मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. सन १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे या कार्याचे प्रमुख केंद्र आहे. भोपाळ येथे केरवा धरणाच्या परिसरात ‘धम्मपाल’ हे केंद्र आहे. सन २०१३ मध्ये गोएंका यांचे निधन झाले. शिबिरांतील प्रवचने आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकविली जातात.

शिबिराची दिनचर्या कडक असते. पहाटे चार वाजता घंटा होते. दिवसभरात सुमारे दहा तास साधना, सकाळी अकरा वाजता जेवण, सायंकाळी पाच वाजता चहा व अल्पसा फराळ; जुन्या साधकांना दुपारी बारानंतर जेवण नाही. पंचशीलाचे पालन आणि पहिले नऊ दिवस पूर्ण मौन. सुरुवातीचे तीन दिवस आनापान, म्हणजे नाकावाटे सहज येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे केवळ लक्ष देणे; चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहण्याची विपश्यना; दहाव्या दिवशी मैत्रीभावना आणि मौनाची समाप्ती. कोणाही धर्माच्या व्यक्तीला प्रवेश असतो आणि शुल्क काहीही नाही. शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच दान स्वीकारले जाते, त्यामुळे प्रत्येक नवागत हा आधीच्या कोणा अनोळखी साधकाच्या दानावर जेवतो. सांचीच्या कठड्याचा दगड देणाऱ्या त्या गृहिणीला हा हिशेब सहज समजला असता.

मौनाची ही शिबिरे आणि गावातील ग्रंथवाचन यांविषयी महाराष्ट्रात कधी कधी वाद होतो. बाबासाहेबांनी धम्माच्या सामाजिक आशयावर भर दिला, डोळे मिटून बसण्यावर नव्हे, असे काहींचे म्हणणे. आक्षेपात तथ्य आहे. शोषणाचा प्रश्न श्वास पाहून सुटत नाही. परंतु क्रोध आणि व्यसन यांनी पोखरलेल्या मनालाही आधार लागतो, आणि सन १९७५ मध्ये जयपूरच्या कारागृहात कैद्यांसाठी झालेल्या शिबिरापासून अनेक कारागृहांनी तो देऊ केला आहे. ग्रंथवाचनाची जागा मात्र शिबिर घेऊ शकणार नाही. तेथे कोणी प्रश्न विचारून चारचौघांत चर्चा घडवू शकत नाही, आणि शेतमजुराला दहा दिवसांची मजुरी बुडवून जाणे सोपे नसते. शाळांपुरते पाहता, महाराष्ट्रातील ‘मित्र उपक्रमा’त विद्यार्थ्यांना दररोज काही मिनिटे आनापानाचा सराव दिला जातो, त्यासाठी खर्च काही नाही, प्रशिक्षित शिक्षक मात्र हवा.

शिबिरास जाऊ इच्छिणाऱ्यांनी केंद्राकडे आगाऊ अर्ज करावा; आयत्या वेळी प्रवेश मिळेलच असे नाही. तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांनी तो अर्जात स्पष्ट लिहावा, कारण अशा स्थितीत इतके दीर्घ मौन अपायकारक ठरू शकते. औषधोपचार चालू असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते थांबवू नयेत. सांचीच्या उत्सवासाठी अशा अर्जाची गरज नाही. भोपाळहून विदिशेकडे जाणारा रस्ता व लोहमार्ग दोन्ही सांचीवरून जातात, आणि स्थानकापासून टेकडी पायी जाण्याइतकी जवळ आहे.