चिनी मातीचे दात : घाई नको, चौकशी हवी

‘हसतील त्याचे दात दिसतील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आपले दात कोणाला दिसू नयेत म्हणून हसणेच सोडून दिलेली एक मुलगी गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात आली. चोपडा तालुक्यातील एका केळी बागायतदाराची ही मुलगी. तिच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग होते. लग्न ठरल्यावर मोठ्या शहरात जाऊन तिने समोरच्या सहा दातांवर चिनी मातीची पातळ कवचे बसवून घेतली. केळीच्या हंगामातले बरेच पैसे त्यात गेले. तोंडावर रुमाल धरून ती म्हणाली, ‘‘काका, हे दात माझे वाटतच नाहीत. खडूसारखे पांढरेफटक दिसतात. ब्रश केला की हिरडीतून रक्त येते. सगळे काढून नवीन बसवू का? लग्नाला दीड महिना उरलाय.’’

मी दंतवैद्य नाही. पण घरचा डॉक्टर म्हणून असे प्रश्न आधी माझ्याकडेच येतात. तिला जे सांगितले, तेच वाचकांसाठी येथे लिहितो.

या कवचाला दंतवैद्य ‘व्हिनियर’ म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. १९३०च्या आसपास अमेरिकेतील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने सिनेनटांसाठी अशी कवचे तयार केली. ती तात्पुरती चिकटवत आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवत. पुढे १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरबरीत केला तर त्यावर पदार्थ पक्का चिकटतो हे दाखवले, आणि १९८०च्या दशकात चिनी मातीची कवचे कायमची बसवता येऊ लागली. नटाचे कवच काम झाले की निघत असे, आपले तसे निघत नाही. शिवाय ते बसवण्यासाठी बहुतेक वेळा दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, थोडे घासावे लागते. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, पण घासलेले एनॅमल पुन्हा कधीच येत नाही.

म्हणून ‘सगळे काढून नवीन’ हा निर्णय घाईचा नव्हे. जुने कवच यंत्राने घासूनच काढावे लागते आणि त्यात आणखी एनॅमल जाऊ शकते. एनॅमल कमी उरले की नव्या कवचाची पकड कमी होते. मग पूर्ण दात घासून कॅप बसवण्याची वेळ येते.

आधी तक्रार नेमकी कोणती, ते ओळखावे. हिरडी लाल होऊन रक्त येत असेल तर पुष्कळदा कडेला सिमेंट उरलेले असते किंवा कवचाची कड बाहेर आलेली असते. ते साफ केले, कड गुळगुळीत केली की हिरडी बहुधा काही दिवसांत सुधारते. दात थोडा लांब किंवा जाड वाटत असेल तर काही प्रमाणात घासून ठीक करता येतो. रंग मात्र कवच बसल्यावर बदलता येत नाही. कवच अख्खे निघून आले तर स्वच्छ डबीत ठेवून दंतवैद्याकडे न्यावे, घरच्या गोंदाने चिकटवू नये. थंड पाण्याची झिणझिण काही दिवस चालते, पण रात्री ठणका लागला तर उशीर करू नये.

पहिल्यांदा ज्यांनी काम केले त्यांच्याकडेच शांतपणे जावे. एक्स-रे, आधीचे फोटो, बिल आणि रंगाचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान झाले नाही तर दुसऱ्याचे मत घ्यावे. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे निरनिराळ्या शाखांचे प्राध्यापक एकाच ठिकाणी भेटतात. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा निकाल आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र रंग आवडला नाही एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. कागदपत्रे हवीत.

खरी चौकशी करायची ती दात घासण्यापूर्वी. ‘कॉस्मेटिक’ ही एम.डी.एस.ची वेगळी शाखा नाही, त्यामुळे पाटीवरच्या त्या शब्दाला भुलू नये. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, कृत्रिम दात किंवा दातांच्या जतनाच्या शाखेचे शिक्षण आहे का, हे विचारावे. त्यांनी स्वतः केलेल्या, वर्ष-दोन वर्षे झालेल्या कामाचे फोटो पाहावेत. मेणाचा नमुना आणि दातांवर तात्पुरती बसवलेली आकृती आरशात पाहावी, आईला-बहिणीलाही दाखवावी. रंग दिवसाच्या उजेडात ठरवावा. किती घासणार आणि कवच निघाले तर खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती आधी सांगावी, नाहीतर कवच तडकते. मिशरी, तंबाखू आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही लपूनछपून मिळणारा गुटखा सोडल्याशिवाय आणि हिरड्या निरोगी झाल्याशिवाय या खर्चात पडूच नये. ‘तुम्हाला व्हिनियर लागणार नाही, साफ करून किंवा थोडे भरून काम होईल’ असे सांगणारा दंतवैद्य भेटला तर त्याला सोडू नका.

त्या मुलीच्या हिरड्यांखाली सिमेंटच उरले होते. ते काढले, दोन दातांची कड घासली, रक्त थांबले. रंग पांढरा आहे तसाच आहे. दुसऱ्या दंतवैद्यांनीही आता हात लावू नका असाच सल्ला दिला. परवा ती वडिलांबरोबर लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. ‘‘काका, लग्नाला आलात की फोटोत माझे दात आधी दिसतील,’’ असे म्हणून ती हसली. हातात रुमाल नव्हता.