पिंगुळीचे कला आंगण : संग्रहालय आणि लोकसहभाग

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, त्यांत मांडलेल्या वस्तू आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांसमोर उभी राहते. जीर्ण व दुर्मीळ वस्तूंच्या रक्षणासाठी ही शिस्त आवश्यकच आहे. परंतु आदिवासी कलांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. कारण तेथे वस्तू हा कलेचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग कलाकाराच्या बोटांत आणि कंठात वसत असतो. ही गोष्ट समजून घेण्यासाठी गोमंतकीयांना दूर जाण्याचे कारण नाही. म्हापशाहून महामार्गाने उत्तरेस निघून पेडणे तालुका व पत्रादेवीची सीमा ओलांडली की काही तासांच्या आत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव येते. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना थिवी किंवा पेडणे येथून कुडाळ स्थानक गाठता येते.

पिंगुळी हे ठाकर आदिवासी कलावंतांचे गाव होय. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य अशा अनेक कला या समाजाने जतन केल्या आहेत. त्यांतील चित्रकथीची परंपरा विशेष लक्षणीय आहे. रामायण-महाभारतातील एखादे आख्यान कागदावर चित्रांच्या मालिकेत रंगविलेले असते. अशा संचास ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरतो आणि वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीवर तो प्रसंग गाऊन सांगतो. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेस आश्रय दिला. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा निर्देश बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आढळतो, यावरून या प्रकाराचे प्राचीनत्व लक्षात यावे.

पोथी असे नाव असले तरी ती वाचता येत नाही. कथा मुखोद्गत असते आणि बापाकडून मुलाकडे येते. चित्र सुटे झाले, संग्राहकाच्या भिंतीवर गेले, की ते सुंदर राहते. पण मुके होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे जपून ठेवलेली आहेत व अभ्यासकांना त्यांचा फार उपयोग होतो. मात्र कोणत्या चित्रानंतर स्वर कोठे चढवावा आणि हुडुक कोठे थांबवावा, हे कपाटातील चित्र सांगू शकत नाही. एका पिढीने शिकणे सोडले की ते कायमचेच जाते, आणि मग कितीही निधी खर्च करून ते परत आणता येत नाही.

नेमकी हीच अडचण ओळखून श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घराजवळील गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. या कार्याबद्दल २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. येथे चित्रे व बाहुल्या मांडलेल्या आहेतच. परंतु कलावंताचे घर आणि संग्रहालय यांत फारसे अंतर नसल्याने पाहुण्यास कला घडताना पाहता येते आणि स्वतः करूनही पाहता येते. छायाबाहुलीचेच उदाहरण घ्या. चामडे खरवडून इतके पातळ करतात की त्यातून उजेड पाझरावा. मग त्यावर आकृती रेखून बारीक छिद्रे पाडतात आणि रंग भरतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून बाहुली धरली की छिद्रांचे दागिने होतात. बाहुली पडद्याला टेकवली तर आकृती रेखीव दिसते, दिव्याकडे सरकवली तर ती मोठी पण धूसर होते. प्रकाशाचा हा धडा शास्त्राच्या पुस्तकात आकृती काढून शिकवावा लागतो. येथे तो मुलाच्या मनगटाला कळतो.

भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयानेही हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. तेथील आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधली आहेत आणि ‘करो और सीखो’ या उपक्रमात पारंपरिक कारागीर नागरिकांना प्रत्यक्ष शिकवितात. कारागीर तेथे प्रदर्शनातील नमुना नसतो, तो गुरुजी असतो. हा फरक लहान वाटला तरी सर्व काही त्यावरच अवलंबून आहे.

पेडणे व डिचोली तालुक्यांतील शिक्षकांनी या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे सुचविले आहे. पिंगुळीची भेट त्यांतील एक दिवस होऊ शकेल. मात्र ती सहल ठरू नये. जाण्यापूर्वी एखादे आख्यान वर्गात सांगावे, मुलांकडून त्याची पाच-सहा चित्रे काढून घ्यावीत. म्हणजे तेथील पोथी पाहताना त्यांना प्रश्न सुचतील. कलावंताशी दिवस व मानधन आधी ठरवावे. कला फुकट दाखविण्याची वस्तू आहे असा समज मुलांच्या मनात रुजू देणे योग्य नव्हे.

गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप या समाजांचा २००३ साली अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्या कलांसाठीही असे आंगण हवे, हे उघड आहे. परंतु येथे एक विवेक पाळला पाहिजे. पौषातला धालो हा मांडावरचा विधी आहे. शिवोलीचा जागर हाही गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. हे प्रकार केव्हा, कोठे आणि कोणासमोर करायचे, हे मांडावरच्या बायकांनी व गावकऱ्यांनीच ठरवावे. अधिकाऱ्यांनी पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यांना सभागृहात आणू नये.

आरंभ करण्यास कुंभाराचे चाक आणि गणपतीची चित्रशाळा अधिक सोपी. डिचोली मातकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि चित्रशाळा तर जवळपासच्या गावांत शोधावी लागत नाही. शाळेने तेथे आषाढातच जावे. तेव्हा माती मळण्याचे व अंगे घडविण्याचे काम चालू असते आणि मुलांच्या हाती गोळा देण्यास मूर्तिकार राजी होतो. चतुर्थी आठवड्यावर आली म्हणजे त्याला मान वर करण्यासही सवड नसते.