घरातील मोबाइल फोन : सोय, सुरक्षितता आणि गुप्तता

पूर्वी शेतकऱ्याच्या घरात मोलाच्या वस्तू तीन ठिकाणी असत. पैसा पेटीत, जमिनीचे कागद फडताळात आणि विहिरीवरील पंपाची किल्ली कमरेच्या करगोट्याला. आज या तिन्ही गोष्टी एका मोबाइल फोनमध्ये आल्या आहेत. सोलापूरच्या बाजार समितीत विकलेल्या कांद्याची पट्टी बँकेत जमा झाल्याचा निरोप फोनवर येतो, सात-बारा उतारा फोनवर निघतो आणि पंपही फोनवरून सुरू होतो. ही सोय मोठी आहे. परंतु पेटीला कुलूप लावणारा शेतकरी फोन मात्र उघडा ठेवतो व पोरांच्या हाती देतो. सबब या साधनाची निगा कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. पैसे घेताना पिन लागत नाही

‘युपीआय’ ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तिचा एकच नियम पक्का ध्यानात ठेवला तरी पुष्कळ नुकसान टळते. पिन फक्त पैसे देताना अथवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. समजा, सांगोल्याकडील एका बागायतदाराने डाळिंब विकावयास काढले. परगावचा व्यापारी म्हणवणारा कोणी फोनवर सौदा ठरवितो, विसार म्हणून पाच हजार पाठवितो असे सांगतो आणि एक चौकोनी चित्र पाठवून ते फोनने टिपण्यास व पिन दाबण्यास सांगतो. येथेच ओळखावे की पैसे येणार नसून जाणार आहेत. विसार खरोखर आला किंवा नाही, हे त्याने पाठविलेल्या निरोपावरून ठरवू नये. आपल्या खात्याची शिल्लक पाहूनच ठरवावे.

२. अनोळखी फाइल उघडू नये

‘पीएम-किसान’ योजनेत पात्र शेतकऱ्यास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. या योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर बनावट फाइली पाठविण्याचे प्रकार अलीकडे फार झाले आहेत. “केवायसी अपूर्ण आहे, हप्ता थांबेल” असा मजकूर असतो व खाली ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल असते. एपीके म्हणजे चित्र किंवा कागद नव्हे, तर फोनमध्ये नवे अ‍ॅप बसविणारी फाइल होय. ती बसविताना मागितलेल्या परवानग्या दिल्या की बँकेचे निरोप व त्यांतील ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. मालकाने ओटीपी कोणासही सांगितला नसला तरी खाते रिकामे होते, त्याचे कारण हेच.

यासाठी पुढील खबरदारी घ्यावी.

(अ) अ‍ॅप फक्त फोनमधील प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. अज्ञात ठिकाणाहून अ‍ॅप बसविण्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद ठेवावी.

(आ) योजनेची केवायसी अधिकृत संकेतस्थळावर, अधिकृत अ‍ॅपवर अथवा सामायिक सुविधा केंद्रात करावी. या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असतो. ही अक्षरे मध्येच कोठे तरी असून उपयोगी नाही.

(इ) फाइल गावातील ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून विश्वास ठेवू नये. त्याचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आधी त्यास फोन करून विचारावे.

(ई) चुकून अशी फाइल बसविली गेल्यास फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते गोठवून घ्यावे.

३. अंगठा आणि आधार

गावातील बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक व अंगठा देऊन पैसे काढता येतात. वृद्धांस ही सोय चांगली आहे. मात्र अंगठा प्रत्येक व्यवहारास एकदाच द्यावा. “उमटला नाही” म्हणून पुन्हा मागितल्यास आधीचा व्यवहार खरोखर फसला काय, ते पावतीवर पाहावे. अंगठ्याच्या उपयोगास कुलूप घालण्याची व्यवस्था आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर व अधिकृत अ‍ॅपवर विनामूल्य आहे. कुलूप असेपर्यंत रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, म्हणून धान्य आणण्यापूर्वी ते थोड्या वेळापुरते उघडावे. आधारची प्रत देणे भाग पडल्यास केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशी झाकलेली प्रत द्यावी. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १९४७ आहे.

४. मोबाइल स्टार्टर

रात्रीची वीज असली म्हणजे अंधारात विहिरीवर जाणे टळावे म्हणून अनेकांनी मोबाइल स्टार्टर बसविले आहेत. साप-विंचवाचे भय कमी झाले, परंतु एक नवा धोका आला. पंपाजवळ माणूस वायर जोडीत असताना घरून दुसरा कोणी फोन लावतो व मोटार सुरू होते. येथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. म्हणून दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत व घरी तसे कळवावे. केवळ फोनवरून मोटार बंद केली म्हणजे वीज तुटली असे समजू नये. स्टार्टर फक्त नोंदलेल्या क्रमांकांनाच दाद देतो ना, याची विक्रेत्याकडून खात्री करावी. मूळ पासवर्ड बदलावा आणि सालगडी बदलला की त्याचा क्रमांक काढून टाकावा. स्टार्टरमधील सिम कार्ड बँक खात्यास जोडलेले नसावे.

५. फोनची निगा

फोनला कुलूप असावेच. सिम कार्डलाही पिन घालता येतो. मात्र तो तीनदा चुकल्यास सिम अडकते, म्हणून मूळ पिन कंपनीकडून आधी विचारून घ्यावा. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास प्रथम सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हा क्रमांक देऊन फोन निकामी करून घ्यावा. आपल्या नावावर किती सिम कार्डे आहेत, हेही तेथे पाहता येते. फोन चार्जिंगला लावून चादरीवर किंवा उशीखाली ठेवू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर उन्हात ठेवलेला फोन तापतो व बॅटरी बिघडते. फुगलेली बॅटरी त्वरित बदलावी.

६. फसवणूक झाल्यास

लाजेखातर गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविला जातो आणि तो मध्येच अडविता आला तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून पहिल्या तासातच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व बँकेस कळवावे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम व समोरच्याचा फोन क्रमांक हाताशी ठेवावा. आलेले निरोप पुसून टाकू नयेत.

७. कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ भाषण करू नये, प्रात्यक्षिक दाखवावे. संध्याकाळी चावडीवर किंवा बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकाकडून फोनचे कुलूप, अ‍ॅपची परवानगी व पंधरा अंकी क्रमांकाची नोंद या तीन गोष्टी तेथेच करवून घ्याव्यात. स्त्रियांच्या फोनबाबत हे काम त्यांच्याच हातून व्हावे. मात्र कोणाचाही पिन विचारू नये व दाबताना पाहू नये. १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावा. पीकविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांकही त्याखाली द्यावा.

ध्यानात ठेवावे : खरा बँक अधिकारी अथवा सरकारी सेवक पिन व ओटीपी कधीही विचारीत नाही. जो विचारतो आणि घाई करतो, त्याचा फोन प्रथम बंद करावा व मग घरातील माणसांशी विचारविनिमय करावा. दहा मिनिटांच्या विलंबाने कोणत्याही योजनेचा हप्ता बुडत नाही, परंतु क्षणाच्या उतावळेपणाने हंगामाची कमाई जाऊ शकते.