‘गेज’ : एक शब्द, अनेक मापे

‘गेज’ हा शब्द इंग्रजी खरा. पण सांगली-मिरजेकडे तो शाळेत न गेलेल्या माणसाच्याही तोंडी असतो. त्याचा मूळ अर्थ माप किंवा मापण्याचे साधन. मात्र काय मापायचे ते जागोजागी बदलते आणि तेथेच घोटाळा होतो.

रेल्वेत गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, तर बार्शी लाईटची नॅरोगेज ७६२. १९७१ साली पुण्याहून ब्रॉडगेज आल्यावर मिरजेत ही तिन्ही मापे काही वर्षे शेजारी नांदली. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, ते याच जुन्या नॅरोगेजच्या वाटेने. तोवर ती रुंद झाली होती, म्हणून राजस्थानातील कोट्याहून आलेल्या टाकीच्या वाघिणी थेट लातूरला पोहोचल्या. गेजच्या फरकाने तहान किती लांबली असती, याचा विचार करून पाहा.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी गेज म्हणजे कृष्णेची पातळी. धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. हा आकडा ठरवलेल्या शून्य खुणेपासून मोजलेला असतो. ‘पाणी ४५ फुटांवर’ म्हणजे पेठेत ४५ फूट पाणी नव्हे!

तारेचा गेज तर उलट्या चालीचा. वीस गेजची तार ०.९१ मिलिमीटर जाड, चाळीस गेजची अवघी ०.१२. तार लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून बारीक करतात. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा, अशी ही जुनी रीत. पंपाची मोटार भरताना जाड तार हवी म्हणून कोणी मोठा आकडा मागितला, तर ती जळालीच म्हणून समजा.

पर्जन्यमापकालाही इंग्रजीत रेनगेजच म्हणतात. तो तुमच्या परिचयाचा आहे.

आता पंक्चर झालेल्या चाकाला प्रेशरगेज लावा. काटा शून्यावर. म्हणजे आत हवाच नाही का? आहे, बाहेरच्याच दाबाची. आपल्याकडे दर चौरस इंचास सुमारे १४ पौंड. प्रेशरगेज फक्त त्यावरचा जादा दाब दाखवतो. गेजवर ३० पौंड दिसले, तर बॉइलच्या नियमाचे गणित करताना तुम्ही कोणता आकडा घ्याल?